पांढरी पाचमध्ये कोण गातंय?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत गाण्यापेक्षा गुणगुण जास्त आहे. लॉकडाऊनमध्ये ज्याने त्याने घरात माईक लावला, कपाटाच्या दारावर गोधडी टांगली आणि स्टुडिओ उभा केला. आता त्या स्टुडिओत आणखी कुणीतरी गातंय अशी तक्रार आहे. मी तीसेक वर्षं नाटकांना आणि मंडळांच्या कार्यक्रमांना ध्वनिव्यवस्था पुरवली. त्यामुळे या न बोलावलेल्या गायकाची आणि माझी ओळख जुनी आहे.

प्रश्न : काका, चेंबूरच्या एका जुन्या कॉलनीत दुसऱ्या मजल्यावर आमचं वन-बीएचके आहे. आतल्या खोलीत मी अभंग आणि कवितावाचन रेकॉर्ड करतो. जुना डेस्कटॉप, दोन चॅनलचा ऑडिओ इंटरफेस (माईक आणि स्पीकर कॉम्प्युटरला जोडणारा डबा) आणि दोन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर एवढंच सामान. अक्षरं बारीक दिसतात म्हणून खोलीतला ३२ इंची टीव्ही व्हीजीए केबलने कॉम्प्युटरला जोडला. तेव्हापासून स्पीकरमधून सतत ‘घूं’ येतं आणि टीव्हीवर आडवे फिकट पट्टे थरथरत सरकतात. त्याच टीव्हीला केबलचा सेट-टॉप बॉक्स आहे, आई संध्याकाळी मालिका बघते. मेहुणा म्हणतो, चाळीस हजारांचा पॉवर कंडिशनर घे. एक दुकानदार म्हणाला, कॉम्प्युटरच्या प्लगची वरची जाड पिन कापून टाका, दोन मिनिटांत आवाज जाईल. काय करू?

आधी त्या पिनेचं बोलू, कारण हे पत्र माझ्यापर्यंत येईस्तोवर तुम्ही पक्कड हातात घेतली नसेल अशी आशा आहे.

पिन कापली की आवाज जाईल. खरंच जाईल, म्हणूनच हा सल्ला इतकी वर्षं टिकलाय. मीही तो एकदा पाळला. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. गिरगावातल्या एका गणेशोत्सवात ऑर्केस्ट्रा होता. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधून घूं येत होतं, कार्यक्रमाला दहा मिनिटं होती, आणि मी त्याच्या प्लगची अर्थिंगची पिन कापली. आवाज बंद. मंडळाचे कार्यकर्ते खूश, मी खूश. दुसऱ्या रात्री पाऊस झाला, मांडवात ओल आली आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या आतलं इन्सुलेशन गेलं. पिन शाबूत असती तर करंट अर्थिंगमध्ये गेला असता, फ्यूज उडाला असता आणि लोकांनी मला चार शिव्या घातल्या असत्या. पिन नव्हती, म्हणून तो करंट गिटारच्या तारांपर्यंत येऊन वाट बघत बसला. गिटारवादक कोरस द्यायला माईकपाशी वाकला, ओठ जाळीला लागला आणि तो मागे ड्रमवर जाऊन पडला. वाचला. ओठावर आठवडाभर काळा डाग होता. तो अजून भेटतो, तो किस्सा हसत सांगतो. मला अजून हसू येत नाही.

आपल्याकडच्या थ्री-पिन प्लगची वरची पिन जाड आणि लांब असते ती उगाच नाही. प्लग खोचताना ती सगळ्यांत आधी लागते आणि काढताना सगळ्यांत शेवटी सुटते. तिला हात लावायचा नाही. हीच पिन गाळणारे स्वस्त कन्व्हर्टर मिळतात, त्यांनाही नाही.

आता आवाज ऐका. दुरुस्तीच्या आधी ऐकायचं, हे आमच्या लाईनीत पहिल्या दिवशी शिकवायचे. तुम्ही अभंग गाता म्हणजे घरात पेटी असेल. स्पीकरचा घूं चालू ठेवा आणि खर्जात पांढरी पाच दाबा. जुळतंय ना? किंचित चढं लागेल. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते आणि तिची दुप्पट १००. पांढरी पाच खर्जात ९८ च्या आसपास येते. छोट्या स्पीकरला ५० नीट वाजवता येत नाही, म्हणून कानाला बहुधा १०० च पडतं. सूर जुळला म्हणजे पाहुणा विजेच्या तारेतून आलाय. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथला घूं काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळतो. आपला निदान सुराच्या जवळ तरी आहे.

पोतही ऐका. तुमचा ‘घूं’ गुळगुळीत आहे, तंबोऱ्याच्या खर्जासारखा. त्यात ‘झर्र’ असं करवती टोक असतं तर मी पंख्याच्या रेग्युलेटरकडे बोट दाखवलं असतं. माउस हलवला की ‘किर्र’ बदलतं असं असतं तर कॉम्प्युटरच्या यूएसबीकडे. गुळगुळीत घूं आणि सोबत पडद्यावर पट्टे, म्हणजे दोन्हींचा बाप एकच. तुमच्या पत्रातच त्याचं नाव आहे, फक्त तुम्ही ते आईच्या मालिकेच्या वाक्यात लिहिलंत.

सेट-टॉप बॉक्सला मागून जी काळी गोल केबल येते, ती कुठून येते ते खिडकीतून डोकावून बघा. गच्चीवरून खाली, गच्चीवर शेजारच्या इमारतीतून, तिथे आणखी कुठून. त्या केबलच्या आत जाळीचं आवरण असतं आणि ते वाटेत कुठेतरी, केबलवाल्याच्या अ‍ॅम्प्लिफायरपाशी, जमिनीला टेकलेलं असतं. तुमचा कॉम्प्युटर थ्री-पिनमधून तुमच्या इमारतीच्या अर्थिंगला टेकलाय. दोन्ही जमिनीच, पण सारख्या नाहीत. शेजारशेजारच्या दोन इमारतींच्या टाक्यांमध्ये पाण्याची पातळी दोन बोटं वरखाली असते, तसं दोन अर्थिंगमध्ये थोडासा व्होल्टेजचा फरक असतो. टाक्या वेगळ्या आहेत तोवर कुणाला पत्ता नाही. तुम्ही व्हीजीए केबल लावलीत आणि दोन टाक्यांमध्ये नळी टाकलीत. आता त्या नळीतून ५० हर्ट्झचं पाणी अखंड वाहतंय, आणि वाहतंय ते नेमकं तुमच्या चित्राच्या आणि आवाजाच्या तारांच्या आवरणातून. यालाच ग्राउंड लूप म्हणतात.

पट्टे थरथरतात त्याचंही गणित सोपं. कॉम्प्युटर सेकंदाला ६० चित्रं पाठवतो, वीज ५० वेळा हेलकावते, आणि त्या दहाच्या फरकाने पट्टे पळतात. टीव्ही घेत असेल तर डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये ६० ऐवजी ५० हर्ट्झ करून बघा. पट्टे जवळजवळ जागच्या जागी थांबतील किंवा गोगलगायीसारखे सरकतील. हा इलाज नाही, ओळखपरेड आहे.

खरी परीक्षा अशी. स्पीकरचा आवाज अगदी कमी करा आणि सेट-टॉप बॉक्सची ती काळी केबल फिरवून काढा. बाकी काही हलवू नका. घूं आणि पट्टे दोन्ही गेले तर विषय संपला. नाही गेले तर केबल परत लावा आणि पुढची वस्तू काढा: टीव्हीचा प्लग, मग व्हीजीए, मग इंटरफेसमधून स्पीकरला जाणाऱ्या तारा. एका वेळी एकच. लोक एकदम चार गोष्टी बदलतात, आवाज जातो, आणि कशाने गेला हे कळत नाही म्हणून महिन्याभराने परत येतो.

माझा अंदाज पहिल्याच फटक्याचा आहे. मग इलाज दोन. फुकटचा म्हणजे रेकॉर्डिंगच्या वेळी ती केबल काढून ठेवायची आणि आईच्या मालिकेच्या वेळी लावायची. घरात शांतता हवी असेल तर दुसरा: त्या केबलमध्ये मध्येच बसणारा आयसोलेटर मिळतो, बोटभर लांबीचा. सिग्नल जातो, आवरणाची सलगता तुटते. ग्रँट रोडला लॅमिंग्टन रोडवर ‘केबल टीव्हीसाठी ग्राउंड लूप आयसोलेटर’ असं नीट सांगून मागा. गच्चीवर छत्री लावलेलं डीटीएच असतं तर मी हा सल्ला दिला नसता, कारण तिथे बॉक्स त्याच केबलमधून छत्रीला वीज पाठवतो आणि आयसोलेटर ती अडवतो. तुमचं साधं केबल आहे, चालेल.

याशिवाय, कधी ना कधी, इंटरफेस ते स्पीकर या तारा बॅलन्स्ड घ्या. टोकाला दोन काळ्या रेघा असतात ती जॅक, एक रेघ असते ती नव्हे. बॅलन्स्ड तारेत तोच सूर दोन वायरींतून जातो, एकीत सुलटा आणि दुसरीत उलटा. वाटेत घूं घुसला तर दोन्हींत सारखाच घुसतो. पलीकडचा स्पीकर फक्त दोघांतला फरक ऐकतो, म्हणून गाणं राहतं आणि घूं वजा होतो. मात्र नुसत्या या तारा घालून आवाज बंद केलात तर पट्टे तसेच राहतील, म्हणून आधी केबलचं बघा.

पॉवर कंडिशनरचं मेहुण्यांना प्रेमाने नाही सांगा. तो भिंतीतून येणारी वीज गाळतो. तुमचा घूं खिडकीतून येतोय.

एक काम मात्र पैसे देऊन करा. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने खोलीतलं सॉकेट तपासून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये फार तर दोनचार व्होल्ट. जुन्या इमारतींत थ्री-पिन सॉकेट दिसतं पण वरच्या भोकामागे वायरच नसते, असं मी इतक्या घरांत पाहिलंय की आता आश्चर्य वाटत नाही. त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी आतल्या आत न्यूट्रलच अर्थला जोडून ठेवलेला असतो. तसं आढळलं तर स्टुडिओ बंद, आधी ते.

प्रश्न : घाटकोपरला राहतो. लॅपटॉपवर गिटार रेकॉर्ड करतो. चार्जर लावला की घूं आणि लॅपटॉपच्या कडेला हात लागला की झिणझिण्या. चार्जर काढला की दोन्ही बंद. लॅपटॉप बिघडलाय का?

बिघडलेला नाही. तुमचा चार्जर टू-पिन तरी आहे, नाहीतर थ्री-पिन असून मघाच्या त्या कन्व्हर्टरमधून लावलाय. चार्जरच्या आत एक छोटा कपॅसिटर विजेचा अगदी बारीक अंश बाहेरच्या बाजूला सोडतो. अर्थिंग असेल तर तो तिकडे जातो. नसेल तर तुमच्या मनगटातून आणि गिटारच्या तारांतून वाट काढतो. कंपनीचा थ्री-पिन चार्जर, जिवंत अर्थिंगच्या सॉकेटमध्ये. तोवर गाण्याचा टेक बॅटरीवर घ्या. झिणझिण्यांऐवजी कधी सणसणीत झटका बसला तर चार्जर कचऱ्यात.

प्रश्न : करी रोडला रुळांना लागून आमची खोली आहे. इलेक्ट्रिक गिटार घेऊन बसलो की लोकल सुटताना घूं वाढतो आणि गाडी लांब गेली की कमी होतो. मित्र म्हणतात मला भास होतात.

भास नाहीत. मित्रांना खोलीवर बोलवा, चहा पाजा आणि पुढच्या गाडीची वाट बघा.

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती १५०० व्होल्ट डीसीवर, आणि पुढे कित्येक दशकं मुंबईची लोकल डीसीवरच होती. डीसी हेलकावत नाही, म्हणून ती गिटारच्या पिकअपमध्ये पांढरी पाच गात नसे. मग २५,००० व्होल्ट एसी आलं. पश्चिम रेल्वेचं काम २०१२ मध्ये पुरं झालं, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचं २०१५ मध्ये, हार्बरचं त्यानंतरच्या वर्षी. आता तुमच्या खिडकीबाहेरच्या तारेत ५० हर्ट्झ वाहतं. गाडी सुटताना मोटर जास्त करंट ओढतात, तेवढं चुंबकीय क्षेत्र वाढतं, आणि गिटारचा पिकअप म्हणजे शेवटी लोहचुंबकावर गुंडाळलेली तारच. त्याला तारेची थरथर आणि रेल्वेची थरथर यांत फरक करता येत नाही.

इथे अर्थिंग, केबल, आयसोलेटर यांतलं काहीही कामाचं नाही. हवेतून येतंय. गिटार हातात धरून खुर्ची हळूहळू फिरवा. एका दिशेला घूं जवळजवळ मरेल. तिथे जमिनीवर खडूने खूण करा. कायमचा उपाय हवा असेल तर हंबकर पिकअप. १९५५ मध्ये गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी बनवला तो. दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट. बाहेरून आलेला घूं एकीत सुलटा, दुसरीत उलटा, बेरीज शून्य. चेंबूरच्या पत्रातल्या बॅलन्स्ड तारेचीच युक्ती, फक्त तांब्याच्या वेटोळ्यांत. सिंगल कॉइलचा, म्हणजे एकाच गुंडाळीच्या साध्या पिकअपचा, तो काचेसारखा आवाज थोडा जाईल, हे आधीच सांगतो. मला स्वतःला तो आवाज आवडतो, मी असतो तर खडूची खूण ठेवली असती आणि मोटरमनशी जुळवून घेतलं असतं.

प्रश्न : मी बोरिवलीला घरून व्हॉइस-ओव्हर करते. वाचून झालं की खुर्चीतून उठते आणि त्याच क्षणी मॉनिटर दोन सेकंद काळा होतो, कधी रेकॉर्डिंगमध्ये ‘टक्’ पण येतं. तीन दुरुस्तीवाले येऊन गेले. कुणासमोर होत नाही. काका, वेड लागायची पाळी आली आहे.

त्यांच्यासमोर झालं नाही, कारण खुर्चीत तुम्ही बसला नव्हतात, ते बसले होते आणि ते मॉनिटर उघडेपर्यंत उठलेच नाहीत.

खुर्ची गॅसच्या दांड्यावर वरखाली होणारी आहे ना? उठताना तो दांडा झटक्याने सुटतो, गादीचं सिंथेटिक कापड अंगाच्या कपड्यांना घासतं, आणि त्यात साठलेला स्थिर विजेचा भार एका क्षणात कुठेतरी उडी मारतो. ठिणगी दिसत नाही, पण तिचा रेडिओसारखा झटका शेजारच्या एचडीएमआय केबलला लागतो. मॉनिटरला वाटतं सिग्नल गेला, तो हात सोडतो आणि परत पकडतो. तेच तुमचे दोन सेकंद. मुंबईच्या पावसाळ्यात हे सहसा होत नाही, हवाच ओली असते. एसी लावून दार बंद केलेल्या खोलीत मात्र बारा महिने होऊ शकतं.

आज संध्याकाळी स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल आणा आणि त्यावरून वीस वेळा उठा-बसा. पडदा एकदाही गेला नाही तर गुन्हेगार सापडला. मग गादीवर सुती चादर घाला, खुर्चीखाली सुती सतरंजी. एचडीएमआय केबल जरुरीपुरतीच लांब आणि चांगल्या आवरणाची घ्या. ती जमिनीवर खुर्चीच्या चाकांपाशी वेटोळं करून पडली असेल तर उचलून टेबलाच्या मागे बांधा. दोन्ही टोकांना फेराइटच्या, म्हणजे असे झटके अडवणाऱ्या, काळ्या कड्या अडकवल्या तर आणखी बरं. मॉनिटर बदलू नका.

प्रश्न : गाताना मोबाइलवर व्हिडिओ काढते तेव्हा मागच्या भिंतीवर काळे पट्टे फिरतात. डोळ्यांना काहीच दिसत नाही. (परळ)

एलईडी दिवा सेकंदाला १०० वेळा मिणमिणतोय. डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अँटी-फ्लिकर ५० हर्ट्झ करा, किंवा शटर १/५० वर धरा. बरेच फोन ६० धरून चालतात. तरीही राहिले तर दिवा स्वस्तातला आहे, तो बदला.

प्रश्न : पंखा एक ते चारवर असताना माईकमध्ये ‘झर्र’ येतं, पाचवर जवळजवळ नाही. बंद केला तर मे महिन्यात गाणारा माणूस टिकत नाही. (विक्रोळी)

हे पत्र वाचून मला नाट्यगृहांतले दिवस आठवले. प्रकाशयोजनाकार दिवे हळूहळू मंद करायचा आणि माझ्या स्पीकरमधून झर्र चढायचं. प्रेमाचा प्रवेश, निळा प्रकाश आणि पाठीमागे करवत. डिमर विजेची लाट मधूनच कापतो, तिच्या कापलेल्या कडा तारांतून ओरडतात. आम्ही दिव्यांच्या केबल स्टेजच्या एका बाजूने आणि माईकच्या दुसऱ्या बाजूने न्यायचो, आणि कुठे ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात.

तुमचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर तोच डिमर आहे, फक्त भिंतीतला. पाचवर तो लाट जवळजवळ अख्खी जाऊ देतो म्हणून शांत. वायरमनला ‘कॅपॅसिटर टाईप, स्टेपवाला’ रेग्युलेटर बसवायला सांगा, काही शे रुपयांत काम होतं. तो लाट कापत नाही. माईकची तार पंख्याच्या स्विचबोर्डाखालून जात असेल तर तीही हलवा. पंख्याचा वारा माईकवर येतो तो भाग वेगळा, त्याला माझ्याकडे उपाय नाही. माईकला फोमची टोपी घाला आणि गाणाऱ्याला पंख्याकडे पाठ करून बसवा.

प्रश्न : मालाड, मालवणी. रात्री माईकमध्ये कुणीतरी बोलतं.

आकाशवाणी बोलते. मध्यम लहरींची प्रक्षेपण केंद्रं तुमच्या जवळच आहेत. माईकच्या तारेच्या दोन्ही टोकांचे एक्सएलआर प्लग उघडा आणि एक नंबरच्या पिनेवरचं आवरणाचं सोल्डर बघा. बहुधा ते तुटलंय, किंवा टाका कोरडा पडलाय आणि तिथे तुमचा आपोआप रेडिओ तयार झालाय. नवा टाका घाला, तारेला फेराइट अडकवा. मग मला कळवा, आणि कुठला कार्यक्रम लागत होता तेही लिहा.